उसाच्या बेटावर आम्ही दोघं



मॉरिशसचं नाव आपल्याकडं बहुधा लग्नसराईत ऐकू येतं. नवी जोडपी तिकडं समुद्र बघायला जातात. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झालेली, त्यामुळं समुद्राचं फारसं अप्रूप उरलेलं नव्हतं. आम्ही उभयतां गेलो ते ऊस बघायला. २०२५ च्या जुलैत, आषाढी उरकून, मुलीनं तिकिटं काढून दिली आणि आम्ही निघालो. आमची अट एकच होती. टूरवाल्याच्या बसमध्ये बसायचं नाही, गाडी भाड्यानं घेऊन आपणच चालवायची. बसवाला समुद्रावर दोन तास थांबतो, पण उसाच्या फडाजवळ दोन मिनिटं थांबा म्हटलं तर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

जायला आणखीही एक कारण होतं, आणि ते पुष्कळ सभासदांच्या घरात असेल. चिरंजीव पुण्याला नोकरीत आहेत. दर दिवाळीला ते म्हणतात, "बाबा, ऊस मोडा. पाणी पुरत नाही, तोडणीला माणूस मिळत नाही, तुम्ही दोघं थकलात. जमीन वाट्यानं द्या आणि पुण्याला या." पैठणच्या कालव्यावर आमची साडेसहा एकर जमीन, त्यात तीन एकर ऊस. नाथसागर भरला तर पीक, नाही तर जनावरांना चारा. पोराचं बोलणं खोटं म्हणता येत नाही आणि खरं म्हणवत नाही. जिथं सगळा देशच उसावर उभा राहिला तिथं लहान शेतकऱ्याचं पुढं काय झालं, हे एकदा डोळ्यांनी पाहावं असं मनात होतं.

भाड्याची गाडी

आधी व्यवहाराचं सांगतो, म्हणजे कुणाला जायचं झाल्यास उपयोगी पडेल. मुंबईहून विमानानं सहा-एक तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. भारतीय माणसाला पर्यटकाचा व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय मात्र दाखवावी लागते. गाडी चालवण्यासाठी आपला परवाना होताच, शिवाय आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला. तो एक वर्ष चालतो.

सगळ्यात मोठी सोय अशी की तिथं वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूनंच चालतात. हा इंग्रजांचा वारसा. बाकी गावांची नावं फ्रेंच, बोली क्रिओल आणि देवळं आपली, असा सगळा मिसळीचा मामला आहे. आम्हाला मिळाली ती सुझुकीची लहान गाडी, आपल्या मारुतीची सख्खी बहीण. बसल्या बसल्या हात सगळ्या खटक्यांवर बरोबर गेला.

गाडी ताब्यात घेताना क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. ती कितीची, आणि ओरखडा पडला तर आपण किती भरायचं, हे कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. सौ.नी मोबाइलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, वर डिकी उघडून स्टेपनीही बघितली. स्टेपनीत हवा नव्हती! गाडीवाल्याला बोलावून हवा भरून घेतली, तेव्हाच किल्ली हातात घेतली. हे शहाणपण आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं शिकवलेलं आहे. त्या गाडीवाल्याचं नाव इथं देत नाही. असे सगळ्याच देशांत असतात.

चौकाचौकांत मोठाली गोल बेटं आहेत. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथली माणसं खरोखर पाळतात, त्यामुळं पहिल्या दिवशी आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. मोठ्या रस्त्यावर ताशी ११० किलोमीटरची मर्यादा आहे आणि जागोजागी वेग टिपणारे कॅमेरे. पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, भाव जवळपास आपल्यासारखाच. आमच्यातला एक गाडी हाकी आणि दुसरी नकाशा बघून, "अहो, दुसऱ्या फाट्याला वळा, पहिल्या नव्हे," असं सांगत राही. असे आठ दिवस गेले.

एकाच चुलीवरचा दगड

बेट मोठं म्हणावं तर सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तशी पाच मावतील. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीड-दोन तासांत जाता येतं. पण विमानतळाबाहेर पडलं की दोन्ही अंगांनी ऊस सुरू होतो, तो संपतच नाही. जुलैत तिथं थंडी आणि तोडणीचा भर. त्यांचा हंगाम जून ते नोव्हेंबर-डिसेंबर, म्हणजे आपलं धुराडं पेटतं त्या सुमाराला त्यांचं विझायला येतं.

फडात जागोजागी काळ्या दगडांचे ढीग. काही तर घराएवढे, नीट रचलेले, चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्यांचे. दुरून एखाद्या पडक्या देवळाचा चौथरा वाटावा. सौ. म्हणाल्या, "अहो, हा तर आपलाच दगड." गाडी बाजूला घेऊन हातात उचलून बघितला. काळा, जड, बारीक भोकांचा. आपल्या बांधावरचा आणि तो शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत.

आणि ते उगीच नाही. भूगर्भशास्त्रज्ञ मानतात की दख्खनचं पठार ज्या लाव्ह्याचं बनलं तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या तप्त ठिकाणातून वर आला, त्याच ठिकाणावर पुढं, नव्वद लाखांच्या आसपास वर्षांपूर्वी, मॉरिशस बेट उभं राहिलं. मधल्या काळात हिंदुस्थानची जमीन सरकत सरकत उत्तरेकडं आली. म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्या कातळात कोरलं तो कातळ आणि त्या फडातला दगड एकाच चुलीवर शिजलेले. फरक इतकाच की आपल्या पूर्वजांनी दगड कोरला आणि तिकडं गेलेल्यांनी तो वेचला. ऊस लावायला जागा व्हावी म्हणून जमिनीतला एकेक दगड उचलून कडेला रचायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हातांनी केलेलं आहे. यंत्रानं दगड काढणं फार उशिरा आलं.

शेतीचं दोन शब्दांत. बेटाच्या मध्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, किनाऱ्यावर पश्चिमेला हजाराच्या आत. त्यामुळं पुष्कळ ऊस पावसावरच येतो. एकदा लावला की सात-आठ वर्षं खोडवे घेतात! हे ऐकून आम्ही तिथल्या माणसाला दोनदा विचारलं. वादळाचं भय मात्र मोठं. १९६० साली आलेल्या 'कॅरोल' वादळानं उसाचं फार मोठं पीक झोपवलं. पण त्याही आधी, १९४६ पासून, तिथं उसासाठी विमा निधी आहे. वादळ, अवर्षण यांनी पीक बुडालं तर त्यातून भरपाई मिळते. पीकविम्यासाठी आपण किती चकरा मारतो ते आपलं आपल्याला माहीत.

आप्रवासी घाट

राजधानी पोर्ट लुई. गर्दी आपल्या गुलमंडीसारखीच, फक्त समोर बंदर आहे. गाडी ठेवायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला. बंदराच्या काठाला दगडी पायऱ्या आणि काही जुन्या इमारतींचे अवशेष आहेत. हाच आप्रवासी घाट. २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. अजिंठा-वेरूळच्या पंक्तीत हा घाट बसला, पण अजिंठा-वेरूळची भव्यता इथं शोधू नये. शेवाळलेल्या पायऱ्या, खोल्यांची जोती, संडासाच्या जागा, एवढंच. त्या पायऱ्यांवरून लोक काय म्हणून चढले ते कळलं की मग मात्र पाय जड होतात.

इंग्रजांच्या राज्यात १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. म्हणून त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानातली छत्तीस माणसं कराराच्या कागदावर अंगठे उठवून तिथं उतरली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या वर आली. बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाकडची सगळ्यांत जास्त, नंतर मद्रास इलाख्यातली. मुंबई बंदरातूनही जहाजं भरून गेली. त्यात कोकणपट्टीची मराठी माणसं मोठ्या संख्येनं होती. बहुतेकजण परत आलेच नाहीत.

करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये आणि शिधा. घाटाच्या माहिती केंद्रात आम्ही एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जाईना. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी असला तरी. ह्याला तिकडं 'डबल कट' म्हणत. महिन्यात पंधरा दिवस ताप आला की पगार शून्य. मळा सोडून फिरताना सापडला तर भटका म्हणून तुरुंगात. म्हणून १८६० च्या दशकापासून प्रत्येकाकडं फोटो लावलेला पास ठेवायची सक्ती झाली.

हे वाचून सौ. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा खाडाच की."

सभासदांना उलगडून सांगायला नको. आपल्या फडात बीडकडची, पाथर्डीकडची टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलं, बाई आजारी पडली, बाळंत झाली, तरी खाडा धरला जातो. दिवसाच्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त दंड उचलीत चढतो. खाडा पडू नये म्हणून बायांनी पिशवी काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली बीड जिल्ह्यातून आल्या, विधिमंडळात त्यावर चर्चा झाली, चौकशी समिती बसली. आम्ही दोघंही त्या हंगामात आपल्याच फडाच्या बांधावर उभे होतो. समोर कोप्या होत्या.

मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिची कोनशिला १९७० साली इंदिरा गांधींनी बसवली. साडेचार लाख माणसांच्या नोंदवह्या तिथं जपून ठेवल्यात. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण. पुष्कळांचे फोटोही. आज तिथली माणसं जाऊन आपल्या पणजोबाचं गाव शोधून काढतात. मालकाला पळालेला मजूर धरता यावा म्हणून केलेल्या नोंदी, त्यावर आता नातवंडं आपलं मूळ शोधतात.

संग्रहालय आणि हिशेब

उत्तरेला पाम्प्लमूस इथं मोठी जुनी बाग आहे, थाळ्याएवढ्या नव्हे तर परातीएवढ्या पानांची कमळं तिथं पाण्यावर पसरलेली असतात. बाग छान आहे, बघावी. आम्हाला मात्र शेजारच्या बो प्लाँचं आकर्षण. हा साखर कारखाना १९९९ साली बंद पडला आणि २००२ साली त्याच इमारतीत साखरेचं संग्रहालय उघडलं. यंत्रं जागच्या जागी आहेत. चरक, कढया, सेंट्रिफ्युगल, सगळं ओळखीचं. शेवटी बारा-पंधरा तऱ्हेच्या साखरा चमच्यानं चाखायला देतात, अगदी काळ्या काकवीसारख्या साखरेपर्यंत. आपल्याकडं बंद कारखान्याच्या यंत्रांचं काय होतं? भंगाराच्या ट्रकचा नंबर लागतो. असो.

तिथं भिंतीवर कारखान्यांचा हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने होते. आज तीन! उत्तरेला बेल व्ह्यू, पूर्वेला युनियन फ्लाक आणि दक्षिणेला ला बाराक. साखर १९७३ साली सात लाख टनांवर गेली होती, अलीकडं अडीच लाखांच्या आसपास आली. आपल्या महाराष्ट्रानं २०२१-२२ च्या हंगामात १३७ लाख टन केली, त्यावरून अंदाज घ्यावा.

हे असं का झालं? १९७५ पासून युरोपशी करार होता. दर वर्षी सुमारे पाच लाख टन साखर ते ठरल्या भावानं घेत, आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजाराच्या पुष्कळ वर असे. तीस वर्षं बेटाचा संसार त्या भावावर चालला. मग युरोपनं आपलं साखर धोरण बदललं आणि २००६ ते २००९ या काळात तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. करारही संपला. लहान कारखाने एकामागून एक मोठ्यांत गेले. जे कामगार सुटले त्यांना रोख रक्कम आणि घरापुरता जमिनीचा तुकडा दिला गेला. आपल्या जिल्ह्यातल्या काही कारखान्यांची धुराडी वर्षानुवर्षं थंड राहिली आणि कामगार थकलेल्या पगारासाठी हेलपाटे घालत राहिले, हे आपण पाहिलंय. त्यामुळं घरापुरत्या त्या तुकड्याची गोष्ट आम्ही दोनदा वाचली.

सभासदांच्या कामाच्या आणखी काही गोष्टी. साखर विकायला कारखान्याकारखान्यांत चढाओढ नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या एकाच संस्थेमार्फत सगळ्या बेटाची साखर विकली जाते आणि पैसे वाटले जातात. वाटणीचा कित्येक वर्षांचा हिशेब असा होता की निघालेल्या साखरेतली ७८ टक्के ऊस देणाऱ्याच्या नावे, २२ टक्के कारखान्याकडं गाळपाबद्दल. बगॅसवर वीज होते, आणि त्या बगॅसचे पैसे शेतकऱ्याला वेगळे मिळतात. वजनकाटे आणि उसातल्या साखरेची तपासणी यांवर देखरेख करणारं खातं कारखान्याचं नसतं, सरकारी असतं. आपल्याकडं केंद्रानं २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. उतारा किती निघाला हे मात्र आपल्याला कारखाना सांगेल तेव्हा कळतं. आपला कारखाना आपलाच आहे, सहकाराचा आहे, हे खरं. तिथले कारखाने खासगी. तरी काट्याजवळ उभा राहून जो विश्वास वाटायला हवा, तो कागदावर कसा आणतात हे पाहण्यासारखं आहे.

दोन आर्पांचा धनी

पूर्वेला फ्लाकच्या बाजूनं जाताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारबाबा अननस विकत बसले होते. तिथं अननस सोलून, चार फाका करून, तिखट-मीठ लावून देतात. चव घ्यावी अशीच. आम्ही हिंदीत बोललो, त्यांनी भोजपुरी वळणाच्या हिंदीत उत्तर दिलं. ऊस पिकवणारे आहोत म्हटल्यावर गिऱ्हाईक सोडून उठलेच. "चला, माझा ऊस दाखवतो."

त्यांची जमीन दोन आर्पां. आर्पां म्हणजे एकराहून किंचित जास्त. ही जमीन आजोबांनी घेतलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साखरेचे भाव पडले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि करारावर आलेल्या मजुरांनी पै-पै जोडून ते घेतले. ज्या फडात बापानं दोन दिवसांचा पगार गमावत ऊस तोडला, त्याचा एक तुकडा पोराच्या नावावर झाला. बेटावरचा लहान शेतकरी जन्माला आला तो असा. आमच्याकडं वतनाची, इनामाची, कुळाची जमीन असते. ही जमीन ताप अंगावर काढून मिळवलेली.

एका आर्पांत ऊस होता, चांगला, तोडणीला आलेला. दुसऱ्यात माणसाच्या उंचीचं गवत आणि काटेरी झुडपं. सौ.नी विचारलं, "हे असं का पडलंय?" बाबा म्हणाले, तोडायला माणूस नाही. यंत्र दगडामुळं आत येत नाही आणि एवढ्याशा तुकड्यासाठी कुणी आणतही नाही. कारखाना जवळ होता तो बंद झाला, आता गाडीभाडं वाढलं. सहकारी सोसायटी आहे, तिच्यामार्फत साखर 'फेअर ट्रेड'च्या शिक्क्यानं जाते, त्याचे वर थोडे पैसे मिळतात. त्या पैशांवर एक तुकडा टिकवलाय. नाही तर तोही गेला असता.

"मुलं?"

मुलगा हॉटेलात मोठ्या हुद्द्यावर, नात राजधानीजवळ बँकेत. बाबा हसले. त्यांचं म्हणणं आम्ही आमच्या भाषेत सांगतो. "माझे वडील देवाला एकच मागायचे, माझ्या पोराच्या हातात कोयता येऊ नये. देवानं ऐकलं. आता गवत वाढलं म्हणून मी देवाशी भांडू का?"

पुढं गाडीत आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. आमचं म्हणणं, ही हार आहे. चार पिढ्यांनी दगड वेचून केलेली जमीन अशी गवताला देऊन टाकायची? सौ.चं म्हणणं, हार कसली, हीच तर जीत. "पोरगी बँकेत बसलीय. तिला कुणी खाडा धरतंय का?" आम्ही म्हटलं, मग ऊस कोण पिकवणार? त्या म्हणाल्या, "ज्याला परवडेल तो. नाही परवडला तर ते भावाचं काम आहे, पोरीचं नाही." असं करत कधी समुद्र आला ते कळलंही नाही. त्या दिवशी ढोल पुरी खाऊन भांडण मिटवलं. ढोल पुरी म्हणजे आपली पुरणपोळीच, पण गूळ नाही, डाळीचं तिखटमीठ सारण आणि वर रसाची भाजी. नाव भोजपुरी, आणि बेटावरच्या सगळ्या धर्मांची माणसं रस्त्यावर उभी राहून खातात.

दक्षिण आणि पश्चिम

गंगा तलाव डोंगरातल्या जुन्या ज्वालामुखीच्या मुखात आहे. १९७२ साली त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं. काठावर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती, २००७ मधली. महाशिवरात्रीला लोक चालत, कावडी घेऊन येतात. वारीची आठवण झाली. शामारेलची सात रंगांची माती पाहिली, तिकीट काढून माती बघायची कल्पना शेतकऱ्याला जरा चमत्कारिक वाटते. नैऋत्य टोकाला ले मोर्नचा उभा कडा आहे. पळालेले गुलाम तिथं लपून राहत. तोही २००८ पासून जागतिक वारसा.

पश्चिमेच्या कास्कावेल भागात मराठी वस्ती पुष्कळ. एका देवळाच्या आवारात आम्ही मराठीत बोलत होतो, तर दोन बाया थबकल्या. त्यांना मराठी समजत होतं, बोलताना मात्र क्रिओल मध्ये येई. एकीनं शाळेत मराठी शिकलेलं. तिथं प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच त्यांनी 'झाकरी' म्हणून अजून धरून ठेवलाय. २०२३ च्या एप्रिलात महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, ते त्या बायांनी अभिमानानं सांगितलं. त्यांच्या घरी पूर्वी ऊस होता. आता नाही. जमीन विकली, तिथं घरं झाली.

पश्चिमेकडचा एकमेव राहिलेला कारखानाही काही वर्षांपूर्वी बंद झाला. तिकडचा ऊस आता ट्रकांतून दक्षिणेला जातो. आम्ही अशा दोन ट्रकांच्या मागं डोंगर उतरलो. पाचट उडून काचेवर येत होतं.

परतीच्या दिवशी गाडी दिली तेव्हा ७४० किलोमीटर झाले होते. गाडीवाल्यानं ओरखडे शोधले, सापडले नाहीत, आमच्याकडं आधीचे फोटो होतेच. अनामत पंधरा दिवसांत सुटली.

चिरंजीवांना आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. पुढचा खोडवा राखलाय, एका एकरात ठिबक करायचं ठरलंय, बाकीच्या दोन एकरांचं नाथसागर बघून ठरवू.

या हंगामात आमच्या फडात टोळी आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी एक बाई तापानं फणफणली. सौ. तिला आमच्या मोटारसायकलवर बिडकीनला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. संध्याकाळी मुकादमाला म्हणाल्या, "दादा, हिचा खाडा धरू नका. आजारी आहे ती."

मुकादम काही वाईट माणूस नाही. तोही उचलीच्या कागदात अडकलेला. तो म्हणाला, "ताई, खाडा नसला तर टोळी फडात राहील का?"

सौ. म्हणाल्या, "हेच वाक्य आम्ही समुद्रापलीकडं वाचून आलो." मुकादमाला त्याचा अर्थ लागला नाही. त्या दिवसाचा खाडा आम्ही आमच्या बिलातून दिला. कारखान्याच्या कराराच्या कागदात आजारपणाचा खाडा धरू नये असं एक कलम घालावं, असा अर्ज येत्या वार्षिक सभेसाठी आम्ही दोघांच्या सहीनं दिलेला आहे.